तुला दिसत होतं

आई, तुला दिसत होतं.

हे मला कळलं ते तुझ्या तेराव्याच्या आदल्या दिवशी. शेजारची सोनाकाकी तांदूळ निवडायला आली होती. सूप मांडीवर घेऊन ती सहज बोलून गेली, "म्हातारीची नजर मातर शेवटपर्यंत चांगली व्हती गो. माझी लेक माहेरपणाला आली, तर तिच्या लुगड्याचा काठ हिनं लांबूनच वळखला."

मी म्हटलं, "कुणाची नजर?"

"तुझ्या सासूची. आनी कुणाची?"

"काकी, तिचे दोन्ही डोळे गेलेले."

काकी हसली. तिला वाटलं, मी दुःखात काहीतरी बरळतेय. मग माझं तोंड बघून तिचं हसू गेलं. "डावा गेलेला," ती हळूच म्हणाली. "उजव्यानं दिसायचं की. तू बोयसरच्या बाजारात गेलीस का ती माझ्या ओट्यावर येऊन बसायची. माझ्या नातवाची गोधडी तिनंच शिवली, सुईत दोरासुदीक आपली आपण ओवायची. मला बोलली व्हती, सुनंला सांगू नको. पन मला वाटलं, तुला ठावंच असंल. एका घरात राहता तुमी."

मी तांदूळ तसेच टाकून मागच्या दारी गेले आणि तुला शिव्या घातल्या. बाजारात गिऱ्हाईकाने भाव पाडून मागितल्यावर घालते ना, तशा, मोजूनमापून नाही. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. असं म्हणणाऱ्यांना तुझ्यासारखी सासू नसेल.

तरी तुझं तेरावं मी नीट केलं. त्याआधी दहाव्याला पिंड ठेवला होता, तर कावळा लगेच आला होता. जन्मभर वाळत्या बोंबलावरून तू त्यांना दगड मारून हाकललंस, पण त्यांनी राग धरला नाही. सगळे म्हणाले, म्हातारीचं मन कशात अडकलं नव्हतं. तुझं नसेल अडकलं. माझं अडकलंय, म्हणून आज बोलायला बसलेय. तुला उत्तर द्यायचं नाही हे ठाऊक आहे मला. जिवंत होतीस तेव्हा तरी कुठे धड देत होतीस.

आपलं गाव जन्माचं समुद्राकडे तोंड करून बसलेलं. दारं तिकडे, ओटे तिकडे, सकाळी उठल्यावर पहिली नजर तिकडे. भरती कधी, ओहोटी कधी, होड्या दिसतात का. आज कुठली तिथ हे पोरंसुद्धा सांगतील, पण दिवस कुठून उगवतो विचारलंस तर हात मागे करून दाखवतील, मान वळवून बघणार नाहीत. तो मागून येतो, डोंगरावरून, शेतावरून, आणि आपल्या पाठीवर पडतो. आपल्याला त्याचं काम एवढंच की बोंबील वाळले पाहिजेत. सूर्य म्हणजे आपला एक बिनपगारी गडी. गड्याचं तोंड कोण बघत बसतं?

जगन आला नाही त्या दिवशीही आपण तशाच उभ्या होतो. तुझा मुलगा, माझा नवरा. डोल जाळं ओढताना पाय सुटून पाण्यात गेला, असं होडीवरचे सांगत होते. होडी आली, ते सगळे आले, जाळं आलं, जाळ्यातली मच्छीसुद्धा आली. आपण दोघी ओल्या रेतीत उभ्या राहिलो समुद्राकडे बघत, पाठ भाजून निघाली तरी. लोकांनी हाताला धरून घरी आणलं. प्रेत मिळालंच नाही. शेवटी दर्भाचा पुतळा करून जाळला, आणि त्या गवताच्या माणसासाठी मला रडू येईना. बायका म्हणाल्या, हिचं काळीज दगडाचं आहे. तू म्हणालीस, "तिला बोलायचं नाय कुनी." बस, एवढंच. माझ्या बाजूने तू मोठ्याने बोललीस ते तेव्हाच.

नंतर होडी विकली. आपण दुसऱ्यांच्या होडीवरचा माल उतरवायला लागलो. उतरवायचा, निवडायचा, बोंबील वाळत घालायचे, ताजं असेल ते टोपलीत भरून बोयसरला न्यायचं. तिकडे वीजघराचं काम निघालं होतं म्हणून कुठून कुठून माणसं आलेली. "ए मौसी, मछली कैसा दिया?" म्हणणारी. मौसी म्हणे. तिशीसुद्धा गाठली नव्हती मी. पण माझं तोंड मौसीचंच झालं असणार, त्यांना काय दोष देऊ. एसटीचा कंडक्टर टोपली बघून नाक मुरडायचा, मी टोपली टपावर चढवायचे, उतरवायचे, संध्याकाळी घरी यायचे, भात टाकायचे, झोपायचे. खाली बघून चालायची सवय लागली. रस्त्यात कुणी भेटलं तर पायांवरून ओळखायचे. जगन गेल्यावर वर्षभर मी मान वर केली असेल ती टोपली डोक्यावर घेण्यापुरती.

आणि मग थंडीतली ती सकाळ. आपण वलांडीपाशी होतो, बांबूंवर दोऱ्या ताणलेल्या त्या मांडवापाशी. उजाडायचं होतं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, जोडी दोरीवर टाकायची, पुन्हा दोन घ्यायचे. हात गारठलेले. तू मध्येच म्हणालीस, "मथे, उगवला का गो?"

"काय?"

"दिवस."

"बघ की मान वळवून."

"मला नाय दिसत आता. दोन्ही डोळं गेलं."

मीठ संपलं म्हणून सांगावं तसं सांगितलंस. मी हातातली जोडी टाकून धावत आले आणि तुझ्या डोळ्यांपुढे बोटं नाचवली. तू पापणी हलवली नाहीस. काय बाई होतीस तू. तू तिथे नाटक करत होतीस, बोंबलाच्या वासात, अनवाणी.

"उगवला का ते सांग ना."

"उगवला."

"कसा?"

"कसा म्हंजे? रोजच्यासारखा."

"रोज बघतेस का तू?"

वलांडीच्या मागे सुरूच्या झाडांजवळ तो रेतीचा उंचवटा आहे, तिकडे तुला हाताला धरून नेलं. तूच म्हणालीस, तिथं ने. तू समुद्राकडे पाठ करून बसलीस, मिशेरी काढलीस, दाताला लावलीस आणि म्हणालीस, "हं. बोल आता."

मला चीड आली होती, खरं सांगते. माल पडलेला, कावळे टपलेले, आणि हिला सूर्याच्या गप्पा हव्यात. मी म्हटलं, "लाल हाय."

"मिरची लाल आसते, रगत पन लाल. कोन्ता लाल?"

तेव्हा मी बघितलं. तुला सांगायला म्हणून बघितलं, नाहीतर बघितलं नसतं. खाजणावर, त्या खाऱ्या दलदलीवर, धुरासारखं धुकं बसलेलं होतं. त्याच्या मागे ताडांची काळी टोकं, त्याच्या मागे डोंगर, आणि अशेरीगडाच्या अंगाला तो नुकता वर सरकत होता. मी म्हटलं, "चिंबोरी शिजली का पाठ कशी होते, तसा." तू तोंडातली मिशेरी थुंकलीस आणि म्हणालीस, "हां. आता दिसला."

आता दिसला म्हणे. लबाड.

त्या दिवसापासून रोजचं झालं. रोज म्हणजे कामाच्या रगाड्यातून जमेल तसं. भरतीच्या वेळा बदलतात, होड्या कधी नेमक्या उगवतीलाच येतात. मग सगळ्या बायका टोपल्या घेऊन पाण्यात धावायच्या, मीही धावायचे, आणि तिथूनच ओरडायचे, "आई, उगवला गो, गोल हाय, लाल हाय." तू उंचवट्यावरून ओरडायचीस, "खोटं. तुझी पाठ हाय तिकडं." मला वाटायचं, म्हातारीचे कान किती तिखट, आवाजावरून कळतं माझं तोंड कुठे आहे ते. मी सगळ्या बाजाराला कौतुकाने सांगायचे. एकदा ढग होते, काही म्हणजे काही दिसत नव्हतं, मी घाईत होते म्हणून एक सूर्य मनानेच बनवून तुला सांगितला. तू म्हणालीस, "ह्यो काल सांगितलास, आजचा सांग." मी म्हटलं, "आज नाय दिसत." "मंग नाय दिसत म्हनून सांग. ढग कसलं हायत ते सांग."

पुढे मला चटक लागली. कबूल करते. सूर्य रोज एका जागी उगवत नाही हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं, आई. एवढी घोडी झाले होते, एक संसार होऊन मोडला होता, आणि ठाऊक नव्हतं. थंडीत तो अशेरीच्या बाजूने येतो, मग सरकत सरकत उन्हाळ्यात पार महालक्ष्मीच्या सुळक्याकडे जातो आणि तिथून मागे फिरतो. हे मी बोयसरच्या एका गिऱ्हाइकाला सांगितलं तर तो म्हणाला, शाळेत शिकवतात हे. शिकवत असतील. मी चौथीत शाळा सोडली तेव्हा तिथवर आले नसेन.

आणि त्या वेळात मला कुणी हाक मारायचं नाही, हे किती मोठं होतं ते आता लक्षात येतं. नवरा गेलेली बाई कामं टाकून सूर्याकडे बघत बसली असती तर गावाने तिला भगताकडे नेलं असतं. पण मी आंधळ्या सासूची सेवा करत होते ना. गावात माझं नाव झालं. सून असावी तर अशी, म्हणायचे. सेवा कसली, मी तिथे नुसती उभी असायचे, थंड रेतीत पाय घालून. अंगावरून पहिलं ऊन जायचं आणि खांदे आपोआप खाली यायचे. मग दिवसभर टोपली डोक्यावर असो, कंडक्टर बोलो, गिऱ्हाईक भावावरून भांडो, माझं मला चालता यायचं. मान वर करून. तुझ्यामुळे आलं ते, हे मी तुला शिव्या घालतानाही विसरले नाही.

एकदा तुला सांगता सांगताच मला रडू आलं. काही झालं नव्हतं. खाजणावरून बगळे उडाले, उन्हात त्यांच्या पोटाचा रंग गुलाबी दिसला, ते मी सांगत होते. गवताच्या पुतळ्यासाठी आलं नव्हतं ते सगळं तेव्हा आलं. मी वाळूत बसून हुंदके देत होते आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवला नाहीस, उगी म्हणाली नाहीस. मग म्हणालीस, "मंग? बगळं कुठं गेलं?" मी म्हटलं, "गेले तिकडं, आकडपट्टी गावाच्या अंगाला." "बरं," म्हणालीस. आणि मग, माझ्याकडे न बघता, "जगन गेला तवा आपन दोघी तिकडं तोंड करून उभ्या व्हतो. मागं उगवला व्हता. कुनी बघितला नाय." जगनचं नाव त्यानंतर तू माझ्यापुढे कधी घेतलं नाहीस.

आता त्या भांडणाचं बोलते, जे तू अर्धं टाकून गेलीस.

माझ्या माहेराहून, एडवणहून, माझा भाऊ दामू आला होता. आमच्या गावचा एक बिजवर, बायको बाळंतपणात गेलेली, स्वतःची होडी, चांगला नाखवा. दामू म्हणाला, मथीचा पाट लावून देऊ. आपल्यात विधवेचा पाट लागतो, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. मी तो माणूस जत्रेत बघितलेला होता. हसरा होता. मला नको होता असं मी म्हणणार नाही. तुला आज तरी खोटं कशाला सांगू.

तू दामूसमोर म्हणालीस, "जाऊ दे तिला. मी काय तिला बांधून ठेवलीय?"

मी म्हटलं, "आनी तुला कोन बघनार? चूल पेटवशील का हात भाजून घेशील?"

"मी बघीन माझं."

"दिसतंय का तुला, बघायला?"

तू गप्प बसलीस. आई, तेव्हा गप्प बसलीस तू. एक शब्द बोलायचा होता, दिसतं म्हणून. दामू माझ्या तोंडाकडे बघत होता, मी तुझ्या. मी दामूला म्हटलं, आंधळी सासू टाकून पाट लावला तर लोक थुंकतील माझ्यावर. तो हात हलवत परत गेला.

मग मी हट्ट धरला की तुला पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायची. मोतीबिंदू काढतात, मासवणच्या एका म्हातारीला पुन्हा दिसायला लागलं, असं बाजारात कळलं होतं. माझ्या मनात काय होतं ते तुलाही कळत होतं. तुला दिसायला लागलं तर मी सुटणार होते. पहिल्या वेळी तुझं पोट दुखलं. दुसऱ्या वेळी एसटीत बसलो, आणि तू तारापूरच्या नाक्यावर खाली उतरून रस्त्यात बसकण मारलीस. "डोळ्यात सुरी घालून घेनार नाय." मी भर रस्त्यात तुझ्यावर ओरडले, "तुला बरं व्हायचंच नाय. तुला मला राबवायचीय." ट्रकवाले थांबून बघत होते. तू पदर डोक्यावर ओढलास आणि म्हणालीस, "तुला काय समजायचं ते समज."

ते भांडण तिथेच राहिलं. दोन-चार दिवस अबोला, मग पुन्हा उंचवट्यावर, "मथे, उगवला का?" आणि मी मूर्ख पुन्हा सांगायला लागले. डॉक्टरने बॅटरी मारून बघितलं असतं तर क्षणात म्हणाला असता, एक डोळा चांगला आहे. म्हणून पोट दुखत होतं तुझं.

तू का केलंस हे? हे एवढं एकच मला विचारायचंय. तेराव्यापासून मी डोकं फोडून घेतेय. एकदा वाटतं, माझी मान खाली गेलेली तुला बघवली नाही. मला कुणी सांगितलं असतं की जरा बस, उगवतीकडे बघ, तर मी ऐकलं नसतं. मला काम सांगितलेलंच कळायचं. म्हणून तू उगवतीकडे बघणं हेच काम करून मला दिलंस. तुझी सेवा म्हणून. हे वाटलं की मी तुझ्या गोधडीत तोंड घालून रडते. आणि लगेच दुसरं वाटतं, की पोरगा गेला, आता सूनही गेली तर ह्या घरात मी एकटी, म्हणून म्हातारीने डोळे मिटून घेतले आणि मला खुंटीला बांधलं. मग ती गोधडी मी भिरकावून देते. दोन्ही खरं असेल म्हणशील. असेल. पण त्यातलं जास्त कोणतं, हे मला कोण सांगणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत करून ठेवलीस.

शेवटच्या सकाळचं सांगते. तुला नसेल ठाऊक, तुला तापात कितपत कळत होतं कोण जाणे. छाती भरलेली, श्वास घेताना भांडं खरवडल्यासारखा आवाज. मी म्हटलं, आज बाजारात जात नाही. तू म्हणालीस, "जा तू. मला काय धाड भरलीय. माल नासंल." मग डोळे मिटूनच म्हणालीस, "मथे, सांग."

घरातून काय दिसणार, दार समुद्राकडे. मी मागे धावत गेले, उंचवट्यावर उभी राहून बघितलं, धावत परत आले आणि तुझ्या कानाशी बसून सगळं सांगितलं. धुकं होतं. आधी काहीच नव्हतं, मग धुक्याला आतून दिवा लावल्यासारखं झालं, मग कड दिसली. ताड ओले होते. कुणीतरी बैल सोडले होते, त्यांच्या नाकातून वाफ येत होती. इतकं नीट मी कधीच सांगितलं नव्हतं. तुझ्या पापण्या हलत होत्या पण उघडल्या नाहीत. सगळ्या वर्षांत तुला खरोखर दिसला नाही तो सूर्य तो एकच, आई, आणि तेव्हा मी होते. ह्याचं मला बरं वाटतं. बाकी कशाचंच वाटत नाही.

मी बाजारात गेले. भर दुपारी तू गेलीस. सोनाकाकीने तोंडात पाणी घातलं. मला बोयसरला निरोप मिळाला तेव्हा मी एका बाईला पापलेट साफ करून देत होते. ते पूर्ण करून दिलं. का, ते विचारू नको. हात थांबेनात.

तेराव्याला दामू जेवायला आला होता. पंगत उठल्यावर जवळ येऊन म्हणाला, त्या नाखव्याने अजून दुसरी केलेली नाही. आता तुला अडवणारं कोण आहे? खरं होतं. तू नाहीस, तुझे डोळे नाहीत, घरात चूल आणि मी. एकटी बाई, दुसऱ्याच्या होडीवर आशा. मला भीती वाटते आई, रात्री दाराला दोनदा कडी लावते मी.

मी म्हटलं, "येते. पन माझं एक मागनं हाय. सकाळी दिवस उगवताना मला कुनी हाक मारायची नाय. जरा येळ मी भाईर उभी राहीन. घरात काय का जळंना."

दामू म्हणाला, "अगो, दागिना माग. येगळी चूल माग. ह्ये काय मागनं झालं?"

"ह्येच. जाऊन विचारून ये."

बिचारा गेला. सफाळ्याला उतरून चालत एडवणला, आणि परवा परत आला. ओट्यावर बसून पाणी प्याला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तो बोलला, उगवायच्या येळंला आमच्या होड्या येतात. आनी बायको ती होडी सोडून दिवस बघत बसली तर लोक मला काय म्हनतील? बाकी सगळं कबूल हाय त्याला. लुगडी, मनी, सगळं."

वाईट माणूस नाही तो. खरं तेच बोलला. आपल्या गावातही दुसरा कुणी दुसरं बोलला नसता. मी म्हटलं, "मंग नको."

दामू भडकला. "म्हातारी मेली तरी सोडत नाय तुला. तिच्यापायी एकदा संसार घालवलास, आता ह्या येडापायी घालवतेस."

"तिचा संबंध नाय ह्यात," मी म्हटलं. बोलून गेले आणि मलाच कळलं की नाही संबंध. मागच्या वेळी मी तुझ्यासाठी नको म्हटलं होतं. ह्या वेळी मला विचारलं आणि मी उत्तर दिलं. दामू जाताना रडला. मी त्याला सुके बोंबील बांधून दिले. पुन्हा येईन असं तो म्हणाला नाही.

तेव्हा आई, तुला वाटेल तुझी जीत झाली, तर तसं समजू नको. तू मला अडवलंस का सांभाळलंस, त्याचा जाब मी भेटल्यावर घेणारच आहे, तिथे काही पोट दुखण्याचं सोंग चालणार नाही. पण आता इथे राहिलेय ती तुझी सून म्हणून नाही. माझी मी राहिलेय, आणि ते चांगलं का वाईट हे अजून मला कळलेलं नाही.

आज पहाटे होड्या नेमक्या उगवतीला आल्या. बायका टोपल्या घेऊन धावल्या. सोनाकाकीने जाता जाता बघितलं, मी उंचवट्यावर एकटी उभी. तिने हाक मारली नाही, पण मान हलवली ती मला दिसली. उद्यापर्यंत गावभर होईल. मी शेवटपर्यंत उभी राहिले. ओठ सवयीने हलत होते, लाल कसला, ढग कसले. मग लक्षात आलं आणि गप्प झाले. खाली गेले तोवर चांगला माल संपला होता. तळाशी राहिलेली बारीक मच्छी माझ्या टोपलीत पडली, तिला बाजारात कोण विचारणार. तशीच घरी आले. दारात टोपली उतरवली आणि वाट बघत उभी राहिले, की तू आतून बोलशील मला, एवढा उशीर कुठे लावलास म्हणून.